श्वास घ्यायला विसरले तर?

पत्र थोडं कापून देतेय, महत्त्वाचं सगळं ठेवलंय.

"ताई, मी २९ वर्षांची आहे. दोन महिने झाले, श्वास पुरतच नाहीये असं वाटतं. आत घेतला तरी कुठेतरी अडकल्यासारखा, छाती भरली असं वाटतच नाही, मग मोठा घ्यायचा, परत मोठा, जांभई आली की बरं वाटतं पण ती पण अर्धीच येते. रात्री लाइट बंद केली की सगळं लक्ष तिथेच. लक्ष काढलं, झोप लागली आणि श्वास थांबला तर? मग उठून बसते, जोरजोरात श्वास घेते, बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर होतं, गरगरतं. बाबांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे म्हणून घरात ऑक्सिमीटर आहे, तो लावते तर ९८, ९९, एकदा तर १००. मग श्वास का पुरत नाही? एक दिवस बाबांच्या ऑक्सिजन मशीनची नळी पण लावून बघितली, काही फरक नाही. डॉक्टरांनी एक्स-रे, ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड केलं, सगळं नॉर्मल, टेन्शन घेऊ नका म्हणाले. नवरा म्हणतो मनाचे खेळ आहेत. खरंच का? आणि बाबांना धाप लागली की आई मशीनचा फ्लो वाढवते, ते चालतं ना?
— रात्रीची जागी"

रात्रीची जागी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते कारण तो थांबवून ठेवण्यासारखा नाही. आईला आजच सांग की डॉक्टरांनी जो फ्लो लिहून दिलाय तो सोडून त्या नॉबला हात लावायचा नाही, धाप लागली तरी नाही. का ते खाली नीट सांगते, पण ते वाचेपर्यंत एवढं कर.

आता तू. मनाचे खेळ नाहीयेत गं. तुला होतंय ते खरंखुरं शरीरात होतंय आणि त्याच्यामागे रक्तातला एक आकडा आहे, फक्त तो आकडा ऑक्सिमीटरवर दिसत नाही. ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि इन्फ्रारेड असा दोन प्रकारचा उजेड पाठवतो आणि हिमोग्लोबिनचा किती भाग ऑक्सिजनने भरलाय एवढंच सांगतो. कार्बन डायऑक्साइडबद्दल तो एक अक्षर बोलत नाही, आणि तुझा सगळा प्रश्न त्या कार्बन डायऑक्साइडचा आहे.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते की शरीर ऑक्सिजन मोजतं आणि कमी पडला की धाप लागते. रोजच्या जगण्यात तसं जवळजवळ कधीच होत नाही. १९०५ मध्ये हॉल्डेन आणि प्रीस्टली या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की फुप्फुसातल्या हवेत कार्बन डायऑक्साइड नुसता ०.२ टक्क्याने वाढला तरी माणसाचं श्वसन दुप्पट होतं. ०.२ टक्के! ऑक्सिजन तेवढाच कमी केला तर शरीराला पत्ताही लागत नाही.

मी हे स्वतःवर अनुभवलंय म्हणून इतक्या खात्रीने सांगते. कॉलेजात फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला सरांनी मला खुर्चीत बसवलं, नाकाला क्लिप, तोंडात माउथपीस, आणि आपलाच श्वास बंद पिशवीत सोडून परत तोच आत घ्यायचा. पहिल्या वेळी पिशवी तशीच होती. काही मिनिटांतच छाती धपापायला लागली, कान गरम, कपाळावर घाम, आणि माउथपीस उपटून फेकावासा वाटला, फेकलाच. थोड्या वेळाने दुसरी फेरी, या वेळी मध्ये सोडा लाइमचा डबा लावला होता, तो कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो. बाकी सगळं तेच. हातात कागद, शंभरातून सात-सात वजा करत लिहायचं. आणि मला काहीच होत नव्हतं, छान शांत वाटत होतं, उलट मनात आलं की आज गणितं किती पटापट सुटतायत. सरांनी अचानक माउथपीस काढून घेतला तेव्हा मला रागच आला. मग त्यांनी कागद दाखवला. ८६, ७९, ७२ पर्यंत ठीक, पुढे ७२ परत, ७२ परत, आणि शेवटच्या दोन ओळी तर अक्षरच नव्हतं, नुसत्या रेघोट्या. ऑक्सिजन खाली खाली जात होता आणि माझ्या मेंदूने एकदाही ओरडून सांगितलं नाही. (हे घरी कोणीही करायचं नाही, तिथे सर शेजारी उभे होते म्हणून मी आज हे लिहितेय. बंद टाक्यांमध्ये जिथे हवेतला ऑक्सिजन संपलेला असतो तिथे उतरलेली माणसं असंच काही न कळता कोसळतात, आणि वाचवायला खाली उतरलेला दुसरा माणूसपण.)

तर पहारा मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर आहे. पहारेकरी दोन ठिकाणी बसलेत.

एक ठिकाण मेंदूच्या अगदी तळाशी, मानेच्या वर, शाळेच्या पुस्तकात मस्तिष्कपुच्छ म्हणून वाचलं असशील, आम्ही मेड्युला म्हणतो. तिच्या पुढच्या पृष्ठभागाजवळ काही खास पेशी आहेत. रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं यावर एक कडक गाळणी असते, आम्ल तिच्यातून सहज जात नाही पण कार्बन डायऑक्साइड सहज जातो, आणि आत गेला की पाण्यात मिसळून त्याचं आम्ल होतं. मेंदूभोवतीच्या पाण्यात रक्तासारखी प्रथिनं नसतात, त्यामुळे एवढंसं आम्ल वाढलं तरी ते झाकलं जात नाही, लगेच कळतं. त्या पेशी ते आम्ल चाखतात म्हण ना, आणि शेजारच्या श्वसनकेंद्राला सांगतात की वाढव. कार्बन डायऑक्साइडला मिळणाऱ्या उत्तराचा मोठा वाटा इथूनच येतो.

दुसरं ठिकाण मानेत. जबड्याच्या कोपऱ्याखाली जिथे मोठी धमनी दोन फांद्यांत फुटते तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढी एकेक गाठ असते, कॅरोटिड बॉडी. (तिथे जोरात दाबून चाचपायला जाऊ नकोस, त्याच जागी बीपी मोजणारी यंत्रणापण आहे, दाबलं तर ठोके मंदावतात आणि भोवळ येऊ शकते.) एवढ्याशा जिवाला वजनाच्या मानाने जितकं रक्त मिळतं तितकं शरीरात क्वचितच दुसऱ्या कशाला मिळत असेल. ऑक्सिजनवर नजर ठेवायचं काम मुख्यतः हिचं. ऑक्सिजन घटला की तिच्या पेशींतली पोटॅशियमची दारं बंद होतात, त्या पेशी उत्तेजित होतात, आणि नवव्या क्रमांकाच्या मेंदूच्या नसेतून निरोप मेड्युलाला जातो. स्पेनच्या फर्नांडो दे कास्त्रोने १९२८ च्या सुमाराला या गाठीची बारीक रचना बघून अंदाज बांधला होता की ही रक्ताची चव घेत असणार, बेल्जियमच्या कॉर्नेल हेमान्सने प्रयोगांनी ते सिद्ध केलं आणि त्याला १९३८ चं नोबेल मिळालं. दे कास्त्रोला मिळालं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

पण ही गाठसुद्धा ऑक्सिजनच्या बारीकसारीक चढउतारावर दंगा करत नाही. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब साधारण ८० ते १०० मिलिमीटर (बीपीसारखाच, पाऱ्याचे) असतो, तो ६० च्या खाली घसरला की ती खरी जोरात बोलायला लागते, आणि ६० म्हणजे ऑक्सिमीटरवर साधारण ९०. त्याच्या वर ती बरीचशी शांत. उलट कार्बन डायऑक्साइडचा दाब नॉर्मलला ३५ ते ४५, आणि तो एक मिलिमीटर जरी चढला तरी मिनिटाला दोन-तीन लिटर हवा जास्त ओढली जाते.

आता हे तुझ्या रात्रीला लावून बघ.

तुझं ९८-९९ खरं आहे. ऑक्सिजन भरलेलाच आहे, म्हणून बाबांच्या नळीने काही फरक पडला नाही, भरलेल्या घागरीत अजून पाणी कुठे जाणार. (आणि ते मशीन परत लावू नकोस, ते त्यांचं औषध आहे.) बिघडलंय ते दुसऱ्या बाजूला. तू सारखे मोठे मोठे श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकतेयस, तयार होतो त्यापेक्षा जास्त. तो खाली गेला की रक्तातलं आम्ल कमी होतं, मग रक्तातली प्रथिनं मोकळं कॅल्शियम धरून ठेवायला लागतात, आणि मोकळं कॅल्शियम कमी पडलं की नसा उगाचच चाळवतात, त्याच तुझ्या मुंग्या आणि ओठांभोवतीचं बधिरपण. जास्त वेळ चाललं तर बोटं वाकडी होऊन हात आखडतातसुद्धा, बघून घाबरायला होतं पण श्वास शांत झाला की सुटतात. आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या कार्बन डायऑक्साइड कमी झाला की आकसतात, ४० वरून २० पर्यंत उतरला तर मेंदूचं रक्त निम्म्याच्या आसपास येऊ शकतं, ते तुझं गरगरणं. शिवाय कार्बन डायऑक्साइड कमी असला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून बसतं, पेशींना सहज सोडत नाही, हे क्रिस्टियन बोर या शास्त्रज्ञाने १९०४ मध्येच दाखवलंय. म्हणजे बघ ना, जितका मोठा श्वास घेतेस तितकं मेंदूला कमी पोचतंय, तितकं अजून गुदमरल्यासारखं वाटतंय, म्हणून तू अजून मोठा घेतेयस.

मग डॉक्टर म्हणाले टेन्शन, ते चुकीचं का? पूर्ण चुकीचं नाही, अर्धवट आहे. सुरुवात बऱ्याचदा कसल्या तरी काळजीने, सर्दीने नाक चोंदल्याने, झोप कमी झाल्याने होते, पण एकदा का श्वासाची सवय बदलली की ती स्वतःच्या जोरावर चालू राहते. दिवसेंदिवस कार्बन डायऑक्साइड कमी राहिला की किडनी ते जुळवून घेण्यासाठी रक्तातलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल झेलणारा क्षार, लघवीतून काढून टाकते. मग राखीव उशीच पातळ झाली. अशा शरीरात कार्बन डायऑक्साइड नुसता नॉर्मलकडे जरी चढला तरी आम्ल पटकन वाढतं आणि पहारेकरी ओरडतात. म्हणून तुला नीट, साधा श्वास घेतल्यावर "पुरत नाही" वाटतं. हे नुसतं समजावून जात नाही, शरीराला जुळवून घ्यायला दिवस लागतात, म्हणून दोन रात्रींत फरक पडला नाही तर निराश होऊ नकोस.

आणि नवऱ्याला हेपण सांग. २०१३ मध्ये एक काम प्रसिद्ध झालं, मेंदूतला अमिग्डला म्हणजे भीतीचा भाग दोन्ही बाजूंनी खराब झालेली तीन माणसं होती, त्यातल्या एकीला साप, कोळी, भुताची घरं, कशाचीच भीती वाटायची नाही. त्यांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एकच श्वास दिला आणि तिघांनाही पॅनिक अटॅक आला. श्वास कोंडल्याची भीती इतक्या खोल जागेवरून येते, नेहमीच्या भीतीच्या केंद्रालाही विचारत नाही. "काही होत नाहीये, झोप" असं म्हणून ती जाईल कशी? बायको रात्री उठून बसली तर शेजारी बसायचं, हात धरायचा, आणि बोलायचं, कशावरही. बोलताना माणूस आपोआप श्वास हळू सोडतो.

आता ती मोठी भीती. झोपले आणि श्वास थांबला तर.

मेड्युलात दोन्ही बाजूंना एक छोटासा पेशींचा पुंजका आहे, प्रीबॉट्झिंगर कॉम्प्लेक्स, १९९१ मध्ये जॅक फेल्डमन, जेफ्री स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो दाखवला. (नाव चमत्कारिक आहे कारण शेजारच्या भागाला एका परिषदेत टेबलावरच्या जर्मन वाइनच्या बाटलीवरचं नाव दिलं गेलं होतं आणि हा त्याच्या जवळचा.) उंदराच्या पिल्लाच्या मेंदूची पातळ चकती काढून ताटलीत ठेवली, ना फुप्फुस, ना रक्त, ना मन, तरी ही पेशींची मंडळी श्वासाचा ताल देत राहते. तुझ्या आईच्या पोटात असताना, तुला हवा माहीत नव्हती तेव्हापासून हा ताल चालू आहे, तेव्हाही छाती हलायची. मिनिटाला १५ धरले तर दिवसाला २१,६०० श्वास होतात, त्यातले तू मुद्दाम किती घेतलेस? शंभर? बाकीचे तुला न विचारता झाले.

श्वासाला दोन वाटा आहेत ना. एक ही, मेड्युलातून मणक्यात उतरून मानेच्या तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या नसेतून श्वासपटलापर्यंत. दुसरी वरून, मोठ्या मेंदूतून, बोलायला, गायला, फुंकायला, पाण्याखाली श्वास धरायला. दुसरी वाट पहिलीवर थोडा वेळ स्वार होऊ शकते पण तिला बंद करू शकत नाही. तू अंथरुणात पडून जेव्हा एकेक श्वास मोजून घेतेस तेव्हा तू दुसऱ्या वाटेने काम ओढून घेतेयस आणि मग ते हातातून सोडायला घाबरतेयस. सोडलंस की पहिली वाट तिथेच आहे, ती कुठे गेलेलीच नव्हती.

नेटवर "ओंडिन्स कर्स" वाचून तू घाबरली असशील असं मला उगाच वाटतंय, म्हणून ते पण बोलते. झोपेत श्वास मंदावणारा तो आजार खरा आहे पण फार दुर्मिळ, बहुतेक वेळा जन्मल्यापासूनच दिसतो, फॉक्स-टू-बी नावाच्या जनुकातल्या बिघाडाने होतो हे २००३ मध्ये सापडलं. आणि त्यात महत्त्वाचं हे की त्या मुलांना कार्बन डायऑक्साइड वाढला तरी गुदमरल्यासारखं वाटत नाही, त्यांचा भोंगा वाजतच नाही. तुझा भोंगा रात्रभर वाजतोय. पहारेकरी जागा आहे, जास्तच जागा आहे.

हो, एक गोष्ट मात्र तुला खरंच जाणवत असेल, डोळा लागता लागता श्वास थांबल्यासारखा वाटून दचकून उठणं. त्याचं कारण ऐक. जागेपणी मेंदूचा जागेपणाच श्वासाला एक धक्का देत असतो, झोप लागली की तो धक्का जातो आणि सगळं कार्बन डायऑक्साइडवर येतं. आता झोपायच्या आधी दहा मिनिटं तू जोरजोरात श्वास घेऊन तो पार खाली नेऊन ठेवलेला असतो, मग मेंदू म्हणतो की अजून श्वासाची गरजच नाही, थांबू थोडं. काही सेकंदांचा थांबा, तेवढ्यात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि श्वास परत चालू. तो थांबा आजार नाही, तो तुझ्याच आधीच्या मोठ्या श्वासांचा हिशोब आहे. उंच डोंगरावर मुक्कामाला गेलेल्यांना रात्री असंच होतं, तिथे ऑक्सिजन कमी म्हणून श्वास वाढतो, त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, आणि झोपेत थांबत-थांबत श्वास चालतो.

मग करायचं काय. पहिलं, मोठा श्वास घेणं सोडायचं. मला माहितीये सगळे सांगतात "डीप ब्रीदिंग कर", तुला ते उलटं पडतंय. तुला हळू पाहिजे, मोठा नको. नाकाने, छोटा, पोट थोडंसं वर येईल एवढाच, मनात चार मोजेपर्यंत आत, आणि सहा-सात मोजेपर्यंत बाहेर, ओठ थोडे मिटून, गरम कपावर हलकं फुंकतो तसं. तुझ्या लक्षात येईल की छाती भरत नव्हती याचं एक कारण ती रिकामीच होत नव्हती, अर्ध्या भरलेल्या छातीवर तू वरून भरत होतीस. बाहेर पूर्ण सोड, आत आपोआप येतो. मध्ये हवेची भूक लागेल, थोडीशी, ती लागू दे, तेच औषध आहे. पाच-सात मिनिटं, दिवसातून तीनदा, आणि सुरुवात दिवसा बरं वाटत असताना कर, अटॅक आल्यावर शिकायला बसलं तर जमत नाही. तोंडाला कागदी पिशवी लावायची जुनी युक्ती कोणी सांगितली तर करू नकोस, दम लागण्याचं कारण दुसरंच काही असलं तर ती जिवावर बेतते.

मोठा उसासा आला तर एक येऊ दे. पाच-एक मिनिटांनी एक मोठा उसासा शरीर स्वतःच घेतं, मिटलेले वायुकोश उघडायला, कोणाला कळतही नाही. पण उसासा "पुरला नाही" म्हणून दुसरा, तिसरा घ्यायचा नाही. एक आला, झालं, पुढचे छोटे.

आणि एक छोटा प्रयोग, दिवसा, खुर्चीत बसून, नवरा शेजारी असताना. बोटाला ऑक्सिमीटर लाव, साधा श्वास बाहेर सोड आणि नाक धर. आधी मोठे श्वास घ्यायचे नाहीत, आणि हे पाण्यात कधीच नाही, पोहायच्या आधी जोरजोरात श्वास घेऊन डुबकी मारणारी चांगली पोहणारी माणसं काही जाणवायच्या आत पाण्याखाली बेशुद्ध झालीयेत, हे सगळ्याच वाचणाऱ्यांसाठी लिहितेय. तर नाक धरलंस की पंधरा-वीस सेकंदांत घशाखाली ओढ लागेल, पोट हलायला लागेल, बहुतेक तुला आधीच लागेल. त्या क्षणी आकड्याकडे बघ आणि नाक सोड. ९७ किंवा ९८ असेल. ती ओढ, तो कासावीसपणा, आणि समोर ९८. हे एकदा डोळ्यांनी बघितलंस की रात्री अर्धी भीती कमी होईल. त्यानंतर ऑक्सिमीटर आईच्या खोलीत, तो बाबांसाठी आहे.

डॉक्टरांकडे परत जायचं ते कधी? जिने चढताना दम लागतोय, आडवं पडल्यावर लागतोय आणि बसल्यावर थांबतोय, एका पायाला सूज किंवा पोटरी दुखतेय, छातीत दुखतंय, थुंकीत रक्त, शिट्टीसारखा आवाज, पहाटे खोकला, किंवा ऑक्सिमीटर ९४ च्या खाली टिकून राहिला, तर वाट बघू नकोस. खूप तहान आणि लघवी वाढून श्वास खोल आणि जोराचा झाला तर शुगर लगेच तपासून घे, कारण रक्तात आम्ल साचलं की शरीर ते श्वासाने काढायचा प्रयत्न करतं, तिथे श्वास हळू करायचा नसतो. आणि एक विचारते, पाळी वेळेवर आहे ना? प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या हार्मोनने मेंदूचा पहारा कार्बन डायऑक्साइडला जास्त हळवा होतो, गरोदरपणात अगदी सुरुवातीपासून श्वास वाढतो आणि बायकांना वाटतं दम पुरत नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत त्रास वाढतो का तेपण लिहून ठेव. हे सगळं नसेल आणि तीन-चार आठवड्यांत उतार नाही पडला तर फिजिओथेरपिस्ट श्वास नीट शिकवतात, आणि पॅनिकवर चांगले उपचार आहेत, समुपदेशकाकडे जाण्यात कमीपणा नाही. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने मात्र नको.

आता बाबा.

सीओपीडी जुना झाला की काही जणांचा कार्बन डायऑक्साइड कायमचा चढलेला राहतो, पहारेकरी त्याला सरावतात, किडनी बायकार्बोनेट वाढवून जुळवून घेते. तुझ्या बरोबर उलटं. अशा माणसाला भरमसाट ऑक्सिजन दिला की कार्बन डायऑक्साइड अजून चढतो. पूर्वी आम्हाला शिकवायचे की ऑक्सिजनची ओढ गेली म्हणून श्वास मंदावतो, तो भाग थोडाच आहे. मोठं कारण हे की खराब झालेल्या भागांकडे फुप्फुस स्वतःच रक्त कमी सोडत असतं, जास्त ऑक्सिजन आला की ते रक्त परत तिकडे वळतं आणि कार्बन डायऑक्साइड न काढताच माघारी येतं, शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन धरून ठेवलेला कार्बन डायऑक्साइड सोडून देतं. म्हणून अशा पेशंटचं लक्ष्य बहुतेक वेळा ८८ ते ९२ ठेवतात, ९८ नाही. तुझं ९८ चांगलं म्हणजे त्यांचंही ९८ चांगलं, असं नसतं, आणि आई बहुतेक तोच आकडा गाठायला नॉब फिरवतेय, प्रेमापोटीच.

सकाळी उठल्यावर डोकं दुखतंय, दिवसा पेंगतायत, बोलणं असंबद्ध, हात पुढे केल्यावर पंजे फडफडतायत, यातलं काही दिसलं तर ताबडतोब हॉस्पिटल. पण घाबरून मशीन एकदम बंदही करायचं नाही, कार्बन डायऑक्साइड साचलेला असताना मशीन अचानक काढलं तर रक्तातला ऑक्सिजन आधीपेक्षाही खाली कोसळतो. धाप लागली की त्यांना बसवा, पुढे झुकवून हात टेबलावर टेकू द्या, ओठ मिटून हळू फुंकर मारायला सांगा, लिहून दिलेला पंप द्या, आणि दहा-पंधरा मिनिटांत बसत नसेल तर फोन. त्यांना झोप लागत नाही म्हणून घरातली कोणाची गोळी द्यायची नाही, खोकल्याचं कोडीनवालं औषधही विचारल्याशिवाय नाही, ही औषधं त्याच मेड्युलाला गुंगवतात.

त्यांच्या डॉक्टरांना दोन आकडे विचारून घे, फ्लो किती आणि ऑक्सिमीटरवर किती ते किती चालेल, आणि ते दोन्ही मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मशीनला, नॉबच्या वरच चिकटव, म्हणजे रात्री दोन वाजता आईला आठवायची गरज पडणार नाही. ते आकडे आणि तुझी पाळीची तारीख मला पुढच्या पत्रात कळव.

— ताई